शेरा

पाषाणला आमच्या तळघरात
खिडक्या उघडायच्या नाहीत असा नियम आहे,
जुन्या कागदाला दमट वारा बाधतो.
म्हणजे हवेचा सगळा हिशेब
आम्ही बंद हवेत बसून करतो.

नसीम तांबोळी पान स्कॅनरखाली धरते.
मग आकडे ती वेगळे उतरवते, मी वेगळे,
आणि संध्याकाळी ताडून बघतो.
हाताने लिहिलेले एक आणि नऊ इतके सख्खे
की शेपटीच्या एका वळणावर
गावाचा उन्हाळा आठ अंशांनी हलतो.

ज्या दिवसाची नोंदच नाही
तिथे भरतो उणे नव्याण्णव पूर्णांक नऊ.
म्हणजे, माहीत नाही.
नव्या भडसावळेने एकदा त्याचीही सरासरी काढली
आणि ऐन मे महिन्यात अख्खं वेल्हं गोठलं.
तेव्हापासून ‘माहीत नाही’चा अर्थसुद्धा
फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवतो.

डिसेंबर अठ्ठावन्न. निरीक्षक वि. ध. तांबवेकर.
वेळ सकाळी साडेआठ.
नऊ तारखेपासून पंधरापर्यंत, सातही दिवस,
अकरा पूर्णांक चार.
अकरा पूर्णांक चार.
इतकी शहाण्यासारखी थंडी वागत नाही.

संगणकाने ओळी लाल केल्या.
वरच्या मजल्यावरून निरोप आला:
काढून टाका, शेजारच्या केंद्रांवरून भरून घ्या,
अहवालाची तारीख जवळ आली आहे.
भरलं असतं तर कुणाला कळलंही नसतं.
आलेख इस्त्रीच्या चादरीसारखा पडला असता.
त्या जाडजूड अहवालात आमचं एवढंच तर आहे,
रात्री तापत चालल्याचं एक वाक्य,
पुढे ‘मध्यम खात्री’,
आणि खाली एक तळटीप.
त्या तळटिपेच्याही खाली आम्ही.

शेऱ्याचा रकाना सहसा रिकामा असतो.
फार तर ‘धुके’, ‘नळी फुटली’, ‘माकडे’.
इथे पेन्सिलीने दोन शब्द होते:
घरी होतो. मुलगी.
पुढे काही नाही.
सोळा तारखेला नऊ पूर्णांक दोन,
शाईत, अक्षर तेच,
निब मात्र कागदात रुतलेली.

चहाला नसीमला विचारलं,
हे लिहायचं का? सगळं जग उघडून बघणार.
ती बशीतला चहा संपवून म्हणाली,
पेन्सिलीने लिहिलं त्याने,
म्हणजे खोडायची सोय ठेवली होती.
खोडलं नाही.

मग सात ओळी आम्ही होत्या तशा ठेवल्या.
बाजूला खूण: संशयास्पद.
कारण: निरीक्षक गैरहजर, नोंद अंदाजे.
मूळ पानाचं छायाचित्र जोडलं. आवृत्ती तिसरी.
कुणी, कधी, काय बदललं
ते आमच्या नावांसकट खाली.
वरच्या मजल्याने दोन दिवस तोंड फुगवलं,
तिसऱ्या दिवशी सही केली.

पावणेदोन वर्षांनी लिमाहून एका विद्यार्थिनीचं पत्र:
तुमचे ते सात दिवस मी गणितातून वगळले,
कारण सांगितल्याबद्दल आभार.
खाली, वेगळ्या ओळीत:
मुलगी बरी झाली का?

आमच्याकडे त्याचा रकाना नाही.
उणे नव्याण्णव पूर्णांक नऊ, असं कळवणार होते.
पण त्या दुपारी काम टाकून
मी त्याच केंद्राच्या पुढच्या वह्या काढल्या.
बासष्ट, त्रेसष्ट.
चौसष्टच्या एप्रिलमध्ये, संध्याकाळच्या साडेपाचला,
तांबवेकरांच्या सहीवर
अचानक दुसरंच अक्षर, गोल, शाळेतलं,
रेघ सोडून किंचित वर चढणारं.
नऊची शेपूट मात्र हुबेहूब तशी.

हा पुरावा नव्हे.
शेजारचा मुलगा असेल, नवा शिपाई असेल.
नसीमने भिंग लावून पाहिलं, काही बोलली नाही.
शेऱ्यात आम्ही एक अक्षर वाढवलं नाही,
तो रकाना आमच्या इच्छेचा नाही.

लिमाला उत्तर पाठवलं:
माहीत नाही.
वही अकरावी, पान दोनशे सहा, सर्वांना खुलं आहे.
संध्याकाळच्या नोंदी जरा बघा.